बिनज्योतीची शेगडी

मोक्पो,
चुसॉकच्या सणानंतरचा मंगळवार, दुकानातून

प्रिय हेरिम,

'घाबरू नकोस' असं पहिलं वाक्य लिहिणार होते. पण इथे मीच घाबरून बसले आहे, मग तुला कुठला धीर देणार? तू कॉलेजात असताना खोलीवर सुक्या मासळीचं खोकं पाठवलं होतं, त्यात एक चिठ्ठी टाकली होती. त्यानंतर तुला लिहिते आहे ती आज. आपल्या घरचा फोन म्हणजे गावची चावडी झाली आहे. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर, आणि तुझं नाव दिसलं की ते हातातलं टाकून माझ्या खांद्याला खांदा लावून बसतात. मेसेज करावा तर नातवाचे, राओनचे फोटो बघायला माझा फोन दिवसभर त्यांच्याच हातात. म्हणून दुकानात, कापड कापायच्या टेबलावर हे लिहिते आहे. शाळेतल्या एका मास्तरांची पँट अर्धी दुमडून बाजूला सारली आहे. आज त्यांना थांबावं लागेल.

आपलं ठरलं आहे ते असं. हिवाळ्याची किमची घालून झाली की तुझी रजा संपते, आणि मग राओन सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे. तू ग्वांगजूहून सोमवारी सकाळी सोडणार, शुक्रवारी नेणार. बाबांनी टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवून ठेवला आहे, उंबऱ्याला सुद्धा. आणि त्याच्याचसाठी जावईबापूंनी ती इंडक्शनची काचेची शेगडी पाठवली, की गॅस नको, ज्योत नको, मुलाच्या हाताला पोळायची भीती नको. गेल्या रविवारी तू विचारलंस, आई, शेगडी नीट बसली ना, आणता येईल ना त्याला? मी म्हटलं, निर्धास्त आण. त्या 'निर्धास्त'बद्दलच बोलायचं आहे. तू चहा करून घे आणि बसून वाच.

वसंतात रस्सा थोडा करपला, असं तुला सांगितलं होतं. थोडा नव्हे. कचरा वेगळा करून द्यायचा दिवस होता. बाबांनी आंबवलेल्या सोयाबीनचा, त्वेनजांगचा रस्सा गॅसवर ठेवला, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि खोकी घेऊन खाली गेले आणि तिथेच रमले. तुला माहीत आहेत ते. दुसऱ्यांनी नुसती फेकलेली खोकी दिसली की ती उलगडून, चपटी करून, दोरीने बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वर भांडं जळालं, त्यावरचं फडकं पेटलं, धुरांड्याची जाळी पेटली. वरच्या मजल्यावरच्या सॉनजूच्या आईला वास आला म्हणून बरं, तिने आरडाओरडा करून वॉचमनला वर धाडलं. मी दुकानातून धावत आले तेव्हा बाबा खाली खोक्यांपाशी उभे होते, वर धुराकडे बघत. वॉचमनला म्हणत होते, "कुणीतरी बेअक्कल माणूस गॅसचा कॉक बंद न करता बाहेर पडलं बघ."

हे ज्या माणसाने म्हटलं त्याने उभं आयुष्य या गावाच्या स्वयंपाकघरांत काढलं, हे तुला सांगायला नको. गॅस कंपनीच्या तपासणीसाठी साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश घेऊन घरोघर. सांध्यावर ब्रश फिरवायचा, बुडबुडा आला की गळती. जाताना प्रत्येक घरी तेच पालुपद: बाई, झोपताना कॉक बंद, बाहेर जाताना कॉक बंद. तू लहान असताना आपण सहलीला निघालो की स्टँडवरून ते एकदा घरी परत जायचे, कॉक बघायला, आणि आपली बस चुकायची. मी चिडून बोलायचे, तू रडायचीस, ते मात्र खुशीत परत यायचे. गॅसला मुळात वास नसतो, तो आम्ही घालतो, माणसाने वेळेवर घाबरावं म्हणून, असं ते तुला मोठ्या अभिमानाने सांगायचे. त्या दिवशी धुराने काळ्या झालेल्या ओट्यापुढे उभी राहून मी भिंत पुसत होते आणि ते माझ्यामागे उभे राहून म्हणाले, हेरिमची आई, तू कॉक बंद करायला विसरलीस का गं? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

डॉक्टरांचं नाव काढलं की घरात भांडण. साधं डोकं दुखतं म्हणायची सोय नाही. सत्तरी आली की सगळेच विसरतात, तू चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतेस ते काय, असं म्हणून माझंच तोंड बंद करतात. मलाही ते पटवून घ्यायला सोपं जात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून शेगडी बदलायचा विषय निघाला तेव्हा मी पुढचा-मागचा विचार न करता हो म्हटलं. म्हटलं, माणूस बदलता येत नाही तर निदान शेगडी बदलू.

बसवायला मा नावाचे मिस्त्री आले होते. माणूस बोलका, हात कामाला आणि तोंड गप्पांना. जुन्या गॅसच्या शेगडीसाठी ओट्यात कापलेलं भोक नव्या काचेला लहान पडत होतं, त्यांनी पाणी मारत दगड कापला आणि घरभर पांढरा चिखल केला. दाराजवळ बुटांच्या कपाटावर विजेची पेटी आहे ना, तिथून जाड वायर ओट्यापर्यंत वेगळी ओढली, तिला वेगळा एमसीबी बसवला, अर्थिंग दोनदा तपासलं. राइस कुकर चुकूनही या लायनीवर लावायचा नाही, असं दटावून सांगितलं. खालचा चमच्यांचा खण काढून टाकला, कारण काचेखाली पंखा असतो, त्याला वारा लागतो. मग खिशातून लोहचुंबक काढून माझ्या हातात दिला. ज्या भांड्याच्या बुडाला हा चिकटेल ते ठेवायचं, बाकी सुनेला द्या, म्हणाले. मला सून नाही, लेक आहे म्हटलं, तर म्हणाले, मग लेकीला देऊ नका, शेजारणीला द्या. मी चुंबक घेऊन भांड्यांच्या मागे लागले. रामेनच्या शेवयांचं पिवळं पातेलं नापास. बाबांच्या काळ्या मातीच्या तुकबेग्या, ज्यांत त्यांचा रस्सा अजून ताटात आल्यावरही रटरटत असतो, त्या सगळ्या नापास. बाबांचा चेहरा असा उतरला की मी त्या टाकल्या नाहीत, वरच्या फळीवर चढवून ठेवल्या.

गॅसची नळी कायमची बंद करायला कंपनीचा माणूस यावा लागतो. दार उघडलं तर दोकसू. तुला आठवतो का, बाबांच्या हाताखाली शिकायला होता तो, आपल्याकडे जेवायला बसला की भात संपवून जायचा? आता स्वतः फोरमन झाला आहे, केस पांढरे झाले आहेत. बाबांना बघून कंबरेत वाकला. त्याने नळीला टोपण बसवलं, आणि मग साबणाचा डबा आणि ब्रश बाबांच्याच हातात दिला. साहेब, तुम्हीच बघा, म्हणाला. बाबांनी ब्रश फिरवला. हात जराही थरथरला नाही. वाकून, एक डोळा मिटून, सांध्याभोवती सावकाश बघितलं. एक आटा अजून, म्हणाले, आणि दोकसूने फिरवून बघितलं तर खरंच फिरला. मला इतकं बरं वाटलं, हेरिम, की मी आत जाऊन डोळे पुसले. वाटलं, काही नाही झालेलं या माणसाला. बाहेर आले तर दोकसू जायला निघाला होता, आणि बाबाही त्याच्याबरोबर दाराशी बसून बूट घालत होते. त्याची हत्यारांची पिशवी त्यांनी खांद्याला लावली होती.

"चल," ते त्याला म्हणाले, "पुढचं घर कुठलं?"

दोकसूने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तो पोरगा, पोरगाच म्हणते मी त्याला, 'चला साहेब' म्हणाला. त्यांना घेऊन खाली गेला, मशीनची कॉफी पाजली, आवारात एक चक्कर मारली आणि परत आणून सोडलं. साहेब, आजची घरं झाली, असं म्हणाला. बाबा समाधानाने बूट काढून आत आले आणि टीव्ही लावला.

तरी शेगडी बसली, आणि मिस्त्रींनी ती समजावून सांगितली तेव्हा मला खरोखर धीर आला. भांडं नसेल तर तापत नाही. भांडं उचललं की थांबते. उतू गेलं की थांबते, भांडं कोरडं पडून जास्त तापलं की थांबते, आणि विसरून निघून गेलात तर काही वेळाने आपली आपण बंद होते. लाल H दिसतो आहे तोवर काचेला हात लावायचा नाही, आच गेली तरी ऊब असते. मुलांसाठी कुलूप आहे, एक खूण बोटाने जरा वेळ दाबून धरायची. आणि कधी काही विपरीत दिसलं तर काचेशी खेळत बसायचं नाही, सरळ दाराजवळचा एमसीबी खाली पाडायचा. मी हे सगळं मंत्रासारखं पाठ केलं. बाबांनी एकच विचारलं, की पेटली आहे हे समजायचं कशावरून? मिस्त्री म्हणाले, हा आकडा दिसतो ना. आकडा काय करायचा, बाबा म्हणाले, ज्योत दिसली पाहिजे. निळी आहे की पिवळी, हलते आहे की स्थिर, त्यावरून माणसाला कळतं. मिस्त्री हसले. मीही हसले.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही, आणि तेच वाईट झालं. संध्याकाळी घरी यावं तर शेगडीवर पातेलं, त्यात पाणी आणि कच्ची भाजी, गार. कधी समुद्री शेवाळाचं सूप अर्धं शिजून निवलेलं. एकदा पातेल्यात नुसती त्यांची टोपी. शेगडीने आपलं काम चोख केलं होतं, प्रत्येक वेळी गुपचूप बंद झाली होती. आधी काही विसरलं की वास यायचा, धूर यायचा, सॉनजूची आई दार ठोठवायची. आता कुणालाच काही कळत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. ते विसरत होते आणि ती शेगडी पांघरूण घालत होती. मी पातेली धुवून पालथी घालत होते, म्हणजे मीही तेच करत होते. बाहेर पडताना शेगडीचं कुलूप लावून जायचे, आणि आल्यावर ते उघडलेलं असायचं. मिस्त्रींनी ते एकदाच दाखवलं होतं. पण ज्या बोटांनी जन्मभर कॉक उघडले आणि बंद केले, त्यांना एकदा पुरतं. कुलूप मुलांना थांबवतं गं. त्यांना नाही.

आता गेल्या गुरुवारचं सांगते.

एक गिऱ्हाईक येणार होतं ते आलं नाही, म्हणून मी लवकर दुकान बंद केलं. रस्त्यात पर्सिमनची फळं घेतली. दार उघडलं तर स्वयंपाकघरातून त्वेनजांगचा छान वास येत होता आणि बाबा टेबलाशी बसून टोफूचे चौकोन कापत होते. सगळे एकसारखे. मला बघून हसले, म्हणाले, हेरिमची आई, आज मी जेवण करतो. आणि मी ओट्याकडे बघितलं. काचेच्या शेगडीवर आपली ती सहलीची डब्याची शेगडी ठेवलेली होती. तिच्या पोटात गॅसचा डबा. वर तुकबेगी, फळीवरून काढलेली. निळी ज्योत, अगदी नीट, स्थिर. आणि खाली, काचेवर, लाल आकडा पेटलेला होता.

कसं झालं असेल ते मी नंतर जुळवलं. त्यांनी आधी तुकबेगी काचेवर ठेवली, बटण दाबलं, मातीचं भांडं म्हणून शेगडीने ते मानलं नाही, नुसती लुकलुकत राहिली. त्यांना वाटलं गॅस संपला. मग बुटांच्या कपाटातून डब्याची शेगडी काढली, आणि शेगडी जिथे ठेवायची असते तिथेच ठेवली, ओट्यावर, जुन्या जागी. तिचं बूड लोखंडाचं. काचेखालची ती शहाणी तबकडी तेवढ्याचीच वाट बघत होती. तिला वाटलं, आलं भांडं. मिस्त्रींनी सांगितलेल्या सगळ्या रखवालदारांनी बाजूला होऊन वाट दिली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वर आग, खाली आग आणि मधे तो डबा.

डबा टक् करून वाजला. पत्रा तापल्यावर वाजतो तसा. माझ्या हातातली पर्सिमनं खाली पडली. मी मागे वळले आणि दाराकडे धावले, एमसीबी पाडायला. पाठ केलेलं तेवढंच आठवलं. हात वर नेला आणि मागून फस्स असा बारीक आवाज आला, आणि तो वास. मग बाबांचा आवाज.

"थांबा. स्विचला हात लावायचा नाही."

तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण माझा हात जागच्या जागी थिजला. ते उठले. म्हातारा माणूस उठतो तसे नाही. आधी डब्याच्या शेगडीची कळ फिरवून ज्योत विझवली. फडक्याने तुकबेगी उचलून मोरीत ठेवली. मग ती अख्खी शेगडी, डब्यासकट, दोन्ही हातांनी उचलली, उघड्या हातांनी, आणि मागच्या गॅलरीत नेली. उचलल्याबरोबर काचेवरचा आकडा लुकलुकला आणि गेला. गॅलरीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, डबा सोडवून एका कोपऱ्यात ठेवला, परत आले, घरातल्या खिडक्या उघडल्या. मग केरसुणी घेतली आणि जमीन झाडायला लागले, स्वयंपाकघरातून गॅलरीकडे, सावकाश. हा गॅस जड असतो, खाली बसतो, झाडून काढावा लागतो, हे मला त्यांनीच लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होते. आणि खरं सांगते, मनात आनंदाची एक लाट आली. वाटलं, हे परत आले. आगीने का होईना, माझा माणूस परत आणला.

झाडून झालं. त्यांनी हवा हुंगली, मान हलवली आणि केरसुणी जागेवर ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर, पण सभ्य. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला नेहमी हेरिमची आई म्हणून हाक मारली, त्याआधी नावाने.

"बाई," ते मला म्हणाले, "काचेच्या शेगडीवर डब्याची शेगडी ठेवतं का कुणी? तुम्ही तर गेलाच असता, वरचेही गेले असते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"घरात आणखी कोण असतं?"

"माझे यजमान," मी म्हटलं.

"त्यांनाही नीट समजावून सांगा," ते म्हणाले. "लक्ष ठेवा त्यांच्यावर."

हो म्हटलं मी. वाकून आभार मानले, काय करणार? ते दाराशी जाऊन बूट शोधायला लागले, आणि मी म्हटलं, साहेब, थोडा भात खाऊन जा. हे सुचलं कसं, देव जाणे. ते संकोचले, मग बसले. गार भात, किमची आणि तो अर्धा शिजलेला रस्सा वाढला. अर्ध्या जेवणात त्यांनी टोफूचा तुकडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हेरिमची आई, मीठ कमी पडलंय का गं? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. त्यांच्या बोटांची टोकं भाजली होती, फोड आले होते. सकाळी मलमपट्टीकडे बघून विचारलं, हे काय? मी म्हटलं, गरम तुकबेगीला हात लावलात. जरा जपून, म्हणाले, स्वतःलाच.

आता मी दुकानात येताना एमसीबी पाडून येते. ते विचारतात, शेगडी का चालत नाही, मी सांगते, वीज गेली आहे, दुपारी घरी येऊन जेवण देते. डब्याची शेगडी आणि उरलेले डबे इथे दुकानात आहेत, दोऱ्यांच्या खणाखाली. पण डबे तर कोपऱ्यावरच्या दुकानात कुणालाही मिळतात. शुक्रवारी त्या दुकानदाराकडे गेले आणि त्याला सांगितलं, आमच्या यांना गॅसचे डबे देऊ नका. का, म्हणून त्याने विचारलं. तेव्हा यांना विसर पडतो, हे मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, एका परक्या माणसासमोर, अंड्यांच्या टोपलीपाशी उभी राहून. तुझ्या आधी त्याला कळलं, याचं मला फार वाईट वाटतं.

रात्री झोप लागत नाही. त्यांचा श्वास ऐकत पडते. हात बाजूला सरकवला की ते झोपेतच धरतात, तेव्हा ते कोणाचा धरतात, असा विचार येतो आणि मी पुढचा विचार करत नाही. मला त्यांची भीती वाटते. नवऱ्याची भीती अशी कधी वाटली नव्हती. पूर्वी पिऊन आले तरी मी त्यांनाच दम द्यायचे.

गुरुवारचं एक बोलणं मी मघाशी लिहायचं टाळलं, आणि पत्र खरं तर त्याच्याचसाठी लिहिलं आहे. लक्ष ठेवा म्हणाल्यावर ते थांबले, टेबलाच्या कोपऱ्यावरच्या स्पंजवरून बोट फिरवलं आणि विचारलं, लहान मूल आहे का घरात? मी म्हटलं, नातू यायचा आहे. तेव्हा म्हणाले, "मग ज्याने ही शेगडी तशी ठेवली ते माणूस या घरात आहे तोवर मुलाला आणू नका, बाई. माझं ऐका." हेरिम, त्यांनी या गावात कुणाला सांगितलेलं कधी चुकलं नाही. रविवारी तू फोन करशील, ते विचारतील, राओन कधी येतो, आणि त्यांच्या शेजारी बसून मीही हसत म्हणेन, आण की गं, निर्धास्त आण. आम्हा दोघांचं ऐकू नकोस. ऑफिसने रजा वाढवली, सासूबाई सांभाळणार आहेत, वाटेल ते सांग, पण खरं कारण त्यांच्या कानावर पडू देऊ नकोस. ते तुझ्यावर रागावतील. रागावू दे, तो राग राहायचा नाही त्यांच्या लक्षात. तू मात्र ये. एकटी ये, आणि तुझ्या शब्दाला ते नाही म्हणत नाहीत, तेव्हा त्यांचा हात धरून डॉक्टरांकडे ने. लवकर ये, पोरी, अजून ते तुला ओळखतात.

तुझीच,
आई